‘ऑपरेशन होणार नाही’ म्हटल्यावर : अम्मीच्या ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये घरच्यांनी काय जाणावे, काय करावे

‘ऑपरेशन करता येणार नाही’ एवढे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून निघाले की घरातले लोक पुढचे काही ऐकतच नाहीत. आमचेही तेच झाले होते. केबिनमधून बाहेर आलो तेव्हा चौघा भावंडांनी चार वेगळ्या गोष्टी ऐकल्या होत्या. एकाने ऐकले ‘इलाज नाही’, दुसऱ्याने ‘तीन महिने’, तिसऱ्याने ‘मुंबईला न्या’. प्रत्यक्षात डॉक्टर यातले काहीच बोलले नव्हते. ते म्हणाले होते की आत्ता चाकू लावण्यात फायदा नाही, आधी केमो सुरू करू. म्हणून आम्ही हा लेख तिथूनच सुरू करतो.

‘ऑपरेशन नाही’चा अर्थ

ओव्हरी म्हणजे अंडाशय, उर्दूत बैजादानी. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन अवयव. ते पोटात इतक्या आत असतात की तिथे सुरू झालेली गडबड बराच काळ बाहेर कळत नाही. जी लक्षणे दिसतात ती रोजच्या कुरबुरींसारखी असतात : पोट फुगल्यासारखे वाटणे, दोन घास खाल्ले की पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे. आपल्या घरात पन्नाशी-साठीच्या बाईने असे सांगितले तर काय होते? कोणी अजवायन देतो, कोणी ‘गॅसेस आहेत’ म्हणतो. म्हणूनच बहुतेक बायका हॉस्पिटलात पोहोचतात तेव्हा आजार तिसऱ्या किंवा चौथ्या स्टेजला असतो. यात कोणाची चूक शोधत बसू नये. आम्ही खूप शोधली, हाती काही लागले नाही.

तिसऱ्या स्टेजमध्ये कॅन्सरच्या पेशी पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरतात. रवा सांडावा तसे बारीक बारीक दाणे आतड्यांवर, पोटातल्या चरबीच्या पडद्यावर बसलेले असतात. चौथ्या स्टेजमध्ये आजार पोटाच्या बाहेर, जसे फुप्फुसाभोवतीच्या पाण्यात किंवा लिव्हरच्या आत, गेलेला असतो. ऑपरेशनचा फायदा तेव्हाच होतो जेव्हा दिसणारा सगळा आजार काढता येतो. आतड्यांच्या मुळाशी गाठी चिकटल्या असतील, किंवा हृदय, किडनी, वय यामुळे इतके मोठे ऑपरेशन झेपणारे नसेल, तर डॉक्टर थांबतात. अर्धवट ऑपरेशन करून अम्मीला महिनाभर खाटेवर ठेवण्यापेक्षा ते न करणेच बरे, असा त्यामागचा विचार असतो.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा : ‘आत्ता नाही, की कधीच नाही?’ दोन्हींत फार फरक आहे. अनेक रुग्णांना आधी केमोचे तीन डोस देऊन पुन्हा स्कॅन करतात. आजार आकसला असेल तर मग ऑपरेशन होते आणि उरलेले डोस नंतर देतात. दुसरा प्रश्न : ज्यांनी नाही म्हटले ते स्त्रियांच्या कॅन्सरचे सर्जन आहेत का? साध्या सर्जनने किंवा बाळंतपणाच्या डॉक्टरने दिलेला नकार शेवटचा मानू नका. एकदा मोठ्या कॅन्सर सेंटरमध्ये कागद दाखवा. दुसरे मत घेणे म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे, चांगले डॉक्टर स्वतःच सुचवतात.

तिसरा प्रश्न आपल्या देशात फार महत्त्वाचा आहे : ‘तुकड्याची किंवा पाण्याची तपासणी झाली का?’ पोटाचा टीबी अगदी ओव्हरीच्या कॅन्सरसारखा दिसू शकतो. पोटात पाणी, गाठी, वजन घटणे, सीए-१२५ ही रक्ताची तपासणी वाढलेली, सगळे तेच. आणि टीबी गोळ्यांनी बरा होतो. म्हणून नुसत्या सोनोग्राफीवर आणि सीए-१२५ वर विश्वास ठेवून रडायला बसू नका, बायोप्सीचा रिपोर्ट हातात येऊ द्या. सीए-१२५ ३५ च्या खाली असले की साधारण ठीक धरतात. पण तो आकडा दुसऱ्या आजारांतही वाढतो आणि इलाज चालू असताना थोडा वर-खाली होत असतो. प्रत्येक रिपोर्टला घरात मातम करण्याचे कारण नाही. डॉक्टर एका आकड्याकडे पाहत नाहीत, तो कोणत्या दिशेने चालला आहे ते पाहतात.

बायोप्सीने कॅन्सर ठरला की नेहमीचा इलाज म्हणजे कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या दोन औषधांची केमो, साधारण दर तीन आठवड्यांनी, बहुधा सहा वेळा. काहींना सोबत बेव्हासिझुमॅब नावाचे इंजेक्शन देतात. ज्यांच्यात बीआरसीए नावाच्या जीनमध्ये दोष सापडतो त्यांना नंतर ओलापॅरिबसारख्या गोळ्यांचा चांगला फायदा होतो. खरे सांगायचे तर पसरलेला आजार बहुतेकींमध्ये केमोने कमी होतो, आणि बहुतेकींमध्ये काही काळाने परत येतो. तो सहा महिन्यांहून अधिक काळाने परतला तर तेच औषध पुन्हा उपयोगी पडण्याची आशा असते, लवकर परतला तर औषध बदलावे लागते. म्हणजे हा आजार मुळापासून काढण्याची खात्री नसली तरी दाबून ठेवण्याचा इलाज आहे, आणि त्या काळात अम्मी घरात असते, नातवंडांना रागावते, ईदचा शीरखुर्मा चाखते. काहींना महिने मिळतात, काहींना वर्षे. आकडा विचारलात तर प्रामाणिक डॉक्टर नेमका आकडा देत नाहीत, कारण तो कोणालाच माहीत नसतो.

अम्मीला सांगायचे की नाही

या प्रश्नावर आमच्या घरात सगळ्यात जास्त भांडण झाले. थोरले भाऊ म्हणाले, ‘अम्मीला कळलं तर ती त्या धक्क्यानेच जाईल.’ मामूंनी होकार दिला. मग सुरू झाले नाटक. फाइलवरचे हॉस्पिटलचे नाव कागद चिकटवून झाकले. केमोला ‘ताकदीची सलाईन’ म्हटले. अम्मीला उर्दू वाचता येते, मराठी वाचता येते, आणि वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईचे केस गेलेले तिला दिसत होते. तरी आम्हाला वाटत होते की तिला काही माहीत नाही.

दुसऱ्या डोसच्या आधी एका रात्री ती दख्खनीत म्हणाली, ‘मेरेकू क्या हुआ सो बोलो. नहीं तो मैं कल गाडी में नहीं बैठती.’ बहिणीने सांगितले. अम्मी थोडा वेळ गप्प बसली. मग तिने पहिली गोष्ट जी विचारली ती आजाराची नव्हती. मोहल्ल्यातल्या बायकांची भिशी तिच्याकडे असायची. कपाटातल्या डब्यात कोणाचे किती पैसे आहेत ते फक्त तिलाच ठाऊक होते. ‘ते आधी लिहून घ्या,’ ती म्हणाली. त्या दोन महिन्यांत ती त्याच काळजीत होती आणि आम्ही समजत होतो की ती शांत आहे.

लपवण्यामागे प्रेम असते, हे आम्ही नाकारत नाही. पण आपल्या दीनमध्ये माणसावर काही हक असतात : दुसऱ्याची अमानत परत करणे, कर्ज फेडणे, सुटलेल्या रोजांची कजा किंवा फिदिया, कोणाचे मन दुखावले असेल तर माफी, आणि वसीयत. आजार लपवला की हे सगळे करण्याची संधी आपण आपल्याच आईच्या हातून काढून घेतो. शिवाय इलाज तिच्या शरीरावर होणार आहे. किती केमो घ्यायची, कधी थांबायचे, शेवटी हॉस्पिटलात राहायचे की घरी, हे सांगण्याचा पहिला हक तिचा आहे, थोरल्या मुलाचा नव्हे.

सांगायचे म्हणजे एका दमात सगळे ओतायचे असेही नाही. आधी विचारावे, ‘अम्मी, तुला काय वाटतं, काय झालं असेल?’ बहुतेक वेळा तिला अर्धे माहीतच असते. मग विचारावे, ‘तुला सगळं ऐकायचं आहे, की इलाजापुरतं?’ काही बायका सरळ म्हणतात, ‘मला नका सांगू, तुम्हीच बघा.’ तेही तिचे उत्तर आहे, त्याचा मान ठेवावा. पण ते तिला विचारून मिळाले पाहिजे. सांगताना डॉक्टर समोर असतील आणि भाषा तिची असेल तर उत्तम. डॉक्टर मराठीत बोलत असतील आणि अम्मीला उर्दू जवळची असेल तर उलथा करणाऱ्याने मधली वाक्ये गाळू नयेत. आम्ही गाळली होती.

वसीयतीबद्दल थोडे. मरणाऱ्याच्या मालातून आधी कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज जाते, मग वसीयत, मग वारसांचे हिस्से. वसीयत जास्तीत जास्त एक तृतीयांश मालाची करता येते. वारसाच्या नावे केलेली वसीयत बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. अनेक घरांत आजारी आईकडून ‘हिबा’ म्हणून एकाच मुलाच्या नावे घर करून घेतात. ज्या आजारात मृत्यूची भीती असते त्या आजारात, म्हणजे मर्ज-उल-मौतमध्ये, दिलेल्या भेटीला आपला कायदा वसीयतीचेच नियम लावतो. त्यामुळे घाईने केलेले असे कागद पुढे भावंडांना कोर्टात नेतात. दागिने अम्मीचे, महेरही अम्मीचे. तिला कोणाला काय द्यायचे ते तिने शांतपणे, शुद्धीत, साक्षीदारांसमोर आणि एखाद्या जाणत्या वकिलाला विचारून ठरवावे.

केमोचे दिवस

डोस दिल्यावर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. या काळात ताप म्हणजे धोका. घरात थर्मामीटर ठेवा. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. गोळीने ताप उतरतो आणि आतला संसर्ग वाढत राहतो. आमच्या माहितीतल्या एका घराने अशी एक रात्र वाट पाहिली आणि नंतर आठ दिवस आयसीयूत काढले.

इथे मिजाजपुर्सीचा विषय येतो. आजाऱ्याला भेटणे सुन्नत आहे, पण वीस माणसे एका खोलीत, त्यात खोकणारी मुले, आणि अम्मीच्या पांढऱ्या पेशी खाली, हे बरे नाही. दाराशी एकाने बसावे, सर्दीवाल्याला नम्रपणे परत पाठवावे, बाकीच्यांना दहा मिनिटे. आणि ‘डॉक्टरांनी किती दिवस दिलेत?’ हे अम्मीसमोर विचारणाऱ्याला चहाही देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पॅक्लिटॅक्सेलने केस जातात, ते बहुधा परत येतात. आपल्या बायकांच्या डोक्यावर ओढणी असतेच, म्हणून बाहेरच्यांना दिसत नाही, पण उशीवर केस पाहून अम्मीला व्हायचे ते दुःख होतेच. काहीजणी आधीच केस बारीक कापून घेतात, ते सोपे जाते. याच औषधाने हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. मग गिझरचे पाणी किती गरम आहे ते कळत नाही, वजू करताना पाय भाजतो, ओल्या फरशीवर चप्पल निसटते. पाणी दुसऱ्याने कोपराने तपासावे, बाथरूममध्ये धरायला दांडा लावावा. बधिरपणा वाढत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते डोस बदलतात. अम्मी स्वतः सांगणार नाही, ‘चलता है’ म्हणेल.

खाण्यात एकाच वेळी भरपूर वाढू नका, पोटात पाणी असेल तर जागाच नसते. थोडे थोडे, पाच-सहा वेळा. यखनी, अंडे, डाळ, खिमा, दही-भात, हरीरा, जे तिला रुचेल ते. भाजणीचा वास सहन होत नसेल तर तिच्या खोलीपासून लांब स्वयंपाक करा. कच्चे सॅलड, बाहेरची चटणी आणि उघड्यावरचे कापलेले फळ त्या दिवसांत टाळा. कलौंजी, मध, झमझम, दम केलेले पाणी, यांत लोकांचा विश्वास आहे आणि थोड्या प्रमाणात सहसा हरकतही नसते, पण डॉक्टरांना सांगून. हकीमचा काढा किंवा भस्म मात्र केमोसोबत चोरून देऊ नका, लिव्हर-किडनीला इजा होते आणि मग केमोच थांबते. प्रेषितांनी (स.) इलाज करायला सांगितले आहे. दुआ आणि दवा यांत झगडा लावणारे आपणच.

पोटातले पाणी, आतडे, पाय

या आजारात पोटात पाणी होणे ही नेहमीची गोष्ट आहे. पोट घट्ट होते, श्वास लागतो, झोप येत नाही. सोनोग्राफीत बघून सुईने पाणी काढतात, त्याला टॅपिंग म्हणतात. काही लिटर पाणी निघते आणि त्याच संध्याकाळी अम्मी नीट बसून जेवते. ‘पाणी काढलं की माणूस खचतो’ असे सांगणारे भेटतील. पाण्याबरोबर प्रोटीन जाते आणि ते पुन्हा भरते हे खरे, पण त्रास सोसत ठेवण्याला अर्थ नाही. वारंवार भरत असेल तर घरीच थोडे थोडे काढता येईल अशी नळीही बसवतात, त्याबद्दल विचारा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. गाठींच्या दाबाने आतडे बंद होऊ शकते. कळा येऊन पोट टम्म होते, उलट्या थांबत नाहीत, शौच तर नाहीच, गॅसही सरत नाही. अशा वेळी एरंडेल, चूर्ण किंवा एनिमा अजिबात देऊ नका. खायला-प्यायला देणे थांबवा आणि हॉस्पिटलला जा. तिथे नाकातून नळी, सलाईन, इंजेक्शने देऊन पुष्कळदा आराम पडतो. पुढे काय करायचे ते तिच्या ताकदीवर ठरते.

तिसरी : एकच पाय सुजणे, पोटरी दुखणे. या कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते. तो पाय तेलाने चोळू नका. अचानक धाप लागली, छातीत दुखले तर लगेच गाडी काढा.

दुखणे आणि मॉर्फिन

सब्र म्हणजे दुखणे दाबून धरणे नव्हे. आमच्या बायका दुखले तरी दात घट्ट मिटून तस्बीह ओढत बसतात आणि घरचे समजतात की आराम आहे. रोज विचारावे : शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, तर आज किती? उत्तर वहीत लिहावे. डॉक्टरांना ‘खूप दुखतं’ यापेक्षा ‘रात्री सात, गोळीनंतर तीन’ हे जास्त उपयोगी पडते.

साध्या गोळ्या कमी पडल्या की तोंडाने घ्यायची मॉर्फिन देतात. हे नाव ऐकले की घर हादरते. नशा लागेल, हराम आहे, शेवट जवळ आला. तिन्ही भीती चुकीच्या. दुखण्यावर योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते, ती मृत्यू ओढून आणत नाही, आणि इलाजाच्या गरजेसाठी दिलेल्या औषधाची गोष्ट शौकाच्या नशेपेक्षा वेगळी आहे. शंका असेल तर आपल्या मोहल्ल्यातल्या आलिमांना विचारा, पण पूर्ण हकीकत सांगून विचारा. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध लिहून घ्यावे. कठीण भाग आहे तो मिळण्याचा. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे परवाने इतके किचकट होते की दुकानांत ती दिसेनाशी झाली. २०१४ मध्ये कायदा बदलून मान्यताप्राप्त हॉस्पिटलांसाठी वाट सोपी केली गेली. तरी जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळत नाही. म्हणून दुखणे वाढण्याआधीच ती कुठे मिळते ते शोधून ठेवा.

हे शोधण्याची जागा म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, अर्थात त्रास कमी करणारी वैद्यकीय सेवा. लोक समजतात तिथे शेवटच्या आठवड्यात नेतात. खरे तर ती केमोसोबत पहिल्या दिवसापासून घ्यायची असते. अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरवर झालेल्या २०१० च्या एका अभ्यासात ज्यांना ही सेवा लवकर मिळाली ते जास्त बरे राहिले, काही महिने जास्त जगलेही. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये तिचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ पासून चालते. तिथे सेवा मोफत आहे आणि घरचा माणूस सोबत राहू शकतो. मुंबईत बांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, ते देशातले पहिले हॉस्पिस, सगळ्या धर्मांच्या रुग्णांसाठी. अम्मीला अशा ठिकाणी नेणे म्हणजे टाकून देणे नव्हे. आठ-दहा दिवस राहून दुखणे आटोक्यात आणून लोक घरी परततात.

नमाज, रोजा

आजाऱ्याला दीनमध्ये पुष्कळ सवलत आहे, अम्मी लोकच ती घेत नाहीत. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडून इशाऱ्याने नमाज होते. पाण्याने त्रास होत असेल तर तयम्मुम. लघवीची नळी किंवा सतत स्राव असेल तर मआजूर माणसाचा नियम लागतो, म्हणजे प्रत्येक नमाजाच्या वेळेला एकदा वजू. रमजानात मात्र खरी परीक्षा. केमो चालू असताना पाणी कमी पडले तर किडनीवर ताण येतो आणि उलट्यांनी शरीर आधीच सुकलेले असते. सूरह बकरामध्ये आजाऱ्याला रोजातून सूट आहे. बरे होण्याची आशा असेल तर नंतर कजा, नसेल तर प्रत्येक रोजामागे एका गरिबाचे जेवण, हा फिदिया. आमची अम्मी ऐकत नव्हती. शेवटी तिच्याच हाताने फिदियाच्या धान्याच्या पिशव्या भरून घेतल्या, तेव्हा ती शांत झाली.

पडद्याचा प्रश्न डॉक्टरांना आधीच सांगावा. ‘तपासायला बाई डॉक्टर मिळेल का, मुलगी सोबत थांबेल का,’ एवढे विचारले की बहुतेक ठिकाणी सोय करतात. नसेल मिळत तर त्यापायी तपासणी टाळू नका.

पैसा

केमोआधी हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र चालतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज यादीतल्या हॉस्पिटलांत होतो. रेशनकार्ड आणि आधारवर नावाचे स्पेलिंग एकच हवे. आपल्याकडे ‘बेगम’, ‘बी’, ‘बानो’ एका कागदावर असते आणि दुसऱ्यावर नसते, तिथेच फाइल अडकते. आजच तपासा. नव्या महागड्या गोळ्या योजनेत बसतीलच असे नाही. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा गरिबांना मोफत आणि १० टक्के सवलतीत द्याव्या लागतात, त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज हॉस्पिटलच्या अंदाजपत्रकासोबत करतात. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला भाड्यात सवलत आहे, हॉस्पिटलचा छापील फॉर्म लागतो.

जकातबद्दल गोंधळ असतो. मुलगा किंवा मुलगी आपल्या आईला जकात देऊ शकत नाहीत, तिचा खर्च त्यांचे कर्तव्यच आहे. पण भाऊ, भाचे, शेजारी देऊ शकतात, अम्मी जकातीची हकदार असेल तर. तिच्याकडे निसाबाएवढे सोने असेल तर आधी तो हिशोब करा.

खिदमत कोणाची

अम्मीची खिदमत म्हणजे प्रत्यक्षात सुनेची खिदमत, हे आपल्या घरांचे चित्र. मुलगे फाइल घेऊन फिरतात, पॅड बदलणे, उलटीचे भांडे, रात्रीचे जागरण सुनेकडे. कुरआनमध्ये आईबापांसमोर ‘उफ्’ म्हणू नका, ही ताकीद मुलांना आहे. आम्ही वही करून पाळ्या लावल्या. एक भाऊ दर शनिवारी रात्री अम्मीजवळ झोपू लागला. पहिल्यांदा त्याला थर्मामीटर लावता येत नव्हते. अम्मीला आणि त्याला दोघांनाही लाज वाटली, मग सवय झाली. सांभाळणाऱ्याला आठवड्यातून एक दुपार पूर्ण सुट्टी द्या, नाहीतर दुसरी फाइल उघडावी लागते.

फाइलमध्ये वर एक कागद ठेवा : आजाराचे नाव, शेवटच्या केमोची तारीख, औषधे, कशाची अ‍ॅलर्जी, आणि तिची इच्छा. व्हेंटिलेटर हवे की नको, शेवटचे दिवस कुठे, हे तिने सांगितले असेल तर ते त्यात लिहा. रात्री तीन वाजता कॅज्युअल्टीत हे आठवत नाही.

मुलींची तपासणी

ओव्हरीचा कॅन्सर झालेल्या बाईची बीआरसीए जीनची रक्ततपासणी करून घ्यावी असे आता डॉक्टर सांगतात. तिच्या औषधासाठी आणि तिच्या मुलांसाठीही. साधारण स्त्रीला हा आजार होण्याचा धोका आयुष्यभरात शंभरात एकीच्या आसपास, बीआरसीए-१ चा दोष असेल तर तो चाळीसच्या आसपास किंवा जास्त. दोष प्रत्येक मुलात येण्याची शक्यता अर्धी-अर्धी, मुलगा असो की मुलगी, आणि मुलाकडून पुढे नातीकडे जाऊ शकतो. नुसती दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ करून जीव वाचतो असे दिसलेले नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त सर्वसाधारण स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचा २०२१ मधला निकाल हेच सांगतो. दोष सापडलेल्या बाईला मुले झाल्यावर, डॉक्टरांनी सांगितलेल्या वयात, अंडाशये आणि नळ्या काढून घेण्याचा पर्याय असतो.

आपल्या समाजात ही तपासणी लपवतात, मुलीच्या लग्नात अडेल म्हणून. आमच्या बहिणीनेही वर्षभर टाळले. शेवटी अम्मीनेच तिला बसवून सांगितले. गेल्या महिन्यात तिने रक्त दिले, रिपोर्ट यायचा आहे.